हारिमताईचा बुधवार

ऑगस्ट अर्धा सरला की आमच्या कॉलेजातली पोरं माणसांत राहत नाहीत. एरवी दुपारी डोळे उघडणारी मंडळी सकाळपासून मोबाइलवर रंगीत चौकोन मांडत बसतात. सोमवारी हा तास, मंगळवारी तो, दोन्हींच्या मध्ये टेकडी चढायला वेळ पुरेल का, अमक्या सरांची परीक्षा घरून लिहून आणायची असते हे खरं का, सगळं बोलणं एवढ्यावरच. सकाळी पहिला तास नको. शुक्रवार मोकळा हवा. ज्याला मोकळा शुक्रवार मिळतो त्याच्याकडे लोक लॉटरी लागलेल्या माणसाकडे बघावं तसे बघतात.

हारिमताईला शुक्रवार मोकळा हवा होता. शिवाय बुधवार. शिवाय सोमवार.

दक्षिण कोरियातल्या देजॉनमध्ये कॉलेजच्या मागच्या गल्लीत आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. दोघींचा विषय आहारशास्त्र. ती माझ्याहून मोठी. मध्ये एक वर्ष शिक्षण थांबवून ती घरी राहिली होती, त्यामुळे आता जवळजवळ माझ्याबरोबरच आली होती. तिचं हे शेवटचं सत्र, माझं आणखी एक बाकी.

तिचं घर यॉन्गदोंगला, आगगाडीने अर्ध्या तासावर, द्राक्षांच्या मुलखात. तिच्या आईची मूत्रपिंडं गेलेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस, सकाळची पाळी. जाताना काकू बसने एकट्या जायच्या. पण यंत्रावरून उठल्या की रक्तदाब पडायचा, पाय लटपटायचे, आणि मधुमेहाने नजरही अधू करून ठेवलेली. हारिमताईचे बाबा मालट्रक चालवायचे, ते रविवारी उगवायचे. धाकटा भाऊ सैन्यात, सक्तीची वर्षं भरत होता. म्हणजे जेवणवेळेच्या आधी दवाखान्याच्या दारात उभं राहणारं माणूस घरात एकच उरलं होतं.

हे ती कुणाला सांगायची नाही. वर्गातला दोग्यू एकदा तिच्या मोबाइलमध्ये डोकावला आणि ओरडला, "तीन दिवस कोरे? ताई, कुठल्या राजघराण्यातली गं तू?"

"दासी लागतात तीन-तीन," ती म्हणाली. "येतोस का कामाला?"

दोग्यू हसला, तीही हसली. मी मात्र चौकोनांकडे बघत राहिले. मंगळवार आणि गुरुवार तिने असे खच्चून भरले होते की जेवायलाही फट नव्हती.

सगळं बसत होतं, फक्त एक विषय सोडून. मोठ्या स्वयंपाकघराचं प्रात्यक्षिक. शेकडो माणसांचा स्वयंपाक मोजून-मापून कसा करायचा, ते. तो केल्याशिवाय पदवी नाही, आणि पदवीशिवाय आहारतज्ज्ञाच्या परीक्षेला बसता येत नाही. वर्ग दोन: एक बुधवारी सकाळी, एक गुरुवारी दुपारी. गुरुवारचा सगळ्यांना हवा असायचा.

"गुरुवारचा पहिल्यांदा दाबायचा," ती म्हणाली. आम्ही खोलीत पंख्यासमोर जमिनीवर बसून काकूंनी पाठवलेली द्राक्षं खात होतो. त्यांना स्वतःला द्राक्षं वर्ज्य होती, म्हणून पेटीभर इकडे यायची.

"आणि नाही मिळाला तर? बुधवारचा राखून ठेव."

"ठेवून काय करू? आईला सांगू, बुधवारी जरा चक्कर येऊ देऊ नकोस म्हणून?"

"पदवी नको का तुला?"

तिने एक द्राक्ष सोललं आणि बुधवारचा चौकोन यादीत खाली टाकला.

नोंदणीच्या सकाळी आम्ही फाटकाजवळच्या पीसी-बांगमध्ये, तासावर संगणक भाड्याने देणाऱ्या दुकानात गेलो. एरवी तिथे पोरं खुर्चीत रेलून लढायांचे खेळ खेळतात आणि पडद्यासमोरच नूडल्स ओरपतात. त्या सकाळी सगळं कॉलेज तिथे होतं आणि कुणी खेळत नव्हतं. सगळ्यांच्या पडद्यावर कॉलेजच्या सर्व्हरचं घड्याळ. कुणीतरी मागून आकडे मोजायला लागलं, मग सगळेच मोजायला लागले, आणि दहा वाजले तशी एकदम शांतता, नुसती माउसची टकटक.

माझा पडदा उघडला. गुरुवारचा वर्ग दाबला, मिळाला. मला तो याच सत्रात हवा होता असंही नाही. मैत्रिणी घेत होत्या, म्हणून मीही घेतला होता.

शेजारी बघितलं तर हारिमताईच्या पडद्यावर पांढरं गोल चक्र फिरत होतं. तुमच्या पुढे इतके लोक आहेत, कृपया थांबा. तिचा हात माउसवर तसाच. पान पुन्हा उघडायला गेलं तर रांगेच्या शेवटी ढकलतात, म्हणून काहीच करायचं नाही, नुसतं बघायचं. चक्र थांबलं तोवर गुरुवार भरला होता. तिने खालचा चौकोन दाबला. बुधवार मिळाला.

"अभिनंदन," ती स्वतःलाच म्हणाली.

"माझा गुरुवार घे," मी लगेच म्हटलं. "मी पुढच्या वसंतात करीन."

"असा हातातून देता येतो का? तू सोडलास की बाजारात पडतो."

खरंच होतं ते. तरी आम्ही विभागाच्या कार्यालयात गेलो. तिथली ताई आमच्याच कॉलेजात पुढचं शिकणारी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, समोर फोन वाजत असलेला. तिने सगळं ऐकून घेतलं. हारिमताईने पहिल्यांदाच कुणासमोर आईचं सांगितलं, तेही खाली बघत, एका दमात.

"अगं, मला करता आलं असतं तर केलं असतं," कार्यालयातली ताई म्हणाली. "पण अदलाबदलीचं बटणच नाहीये सिस्टीममध्ये. माझ्याकडेही नाही."

"कुणाकडे आहे?"

"कुणाकडेच नाही."

योम मॅडमकडे गेलो. दोन्ही वर्ग त्याच घ्यायच्या. त्यांनी आम्हाला थंड बार्लीचा चहा दिला आणि स्वयंपाकघर उघडून दाखवलं. ओळीने मोठ्या शेगड्या, मोठी पातेली, भिंतीवर सुरक्षेचा नियम चिकटवलेला.

"शेगड्या आहेत तेवढीच मुलं. मागच्या वर्षी मी एकीला जास्तीची घेतली, तिचा हात भाजला. आता जास्तीच्या मुलांसाठी सहीच चालत नाही माझी." मग हळूच विचारलं, "आईची वेळ नाही का बदलता येणार?"

जिन्यात बसून हारिमताईने दवाखान्यात फोन लावला. जिन सिस्टर म्हणून तिथल्या मुख्य परिचारिका होत्या. दुपारची पाळी मिळाली तर सगळंच सुटणार होतं. सकाळचं प्रात्यक्षिक उरकून दुपारच्या गाडीने पोचायचं आणि संध्याकाळी काकूंना घेऊन घरी. फोनमधला आवाज मलाही ऐकू येत होता.

"दुपारी एकही यंत्र रिकामं नाही, हारिम. तुझं नाव लिहून ठेवते. जागा झाली की कळवते."

"कधीपर्यंत होईल?"

"ते कसं सांगू, बाळ?"

फोन ठेवून ती पायरीवरच बसून राहिली. झाडांवर किडे नुसते किरकिरत होते.

"सोदाम," ती म्हणाली, "डायलिसिसमधली जागा कशी रिकामी होते, माहीत आहे ना?"

मी मान हलवली.

"आणि मी नाव लिहवून घेतलं."

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात वर्ग बदलायची मुभा असते. आम्ही ठरवलं की धोका घ्यायचा. एकच विषय दोनदा घेता येत नाही, म्हणून आधी तिने बुधवार सोडायचा, मग मी गुरुवार सोडायचा, आणि तिने तो झटकन उचलायचा. गर्दी नसेल अशी दुपारच्या जेवणाची वेळ निवडली. पुन्हा त्याच पीसी-बांगमध्ये खुर्च्या शेजारी ओढून बसलो.

"बोट ठेवलंस?"

"ठेवलं. तू सोड म्हटलं की सोडते."

"सोड."

मी सोडला. तिने त्याच क्षणी दाबलं. मी तिचं बोट बघत होते, त्यात काही उशीर नव्हता. पडद्यावर आलं: जागा शिल्लक नाहीत.

"परत दाब!"

तिने परत दाबलं. जागा शिल्लक नाहीत. मग तिचा चेहरा उतरला, कारण आता बुधवारही हातात नव्हता. ती बुधवार दाबायला लागली, मी तिच्या खांद्याला धरून उगीच "दाब, दाब" करत होते, आणि तो मिळाला. कुणाच्या नजरेत आला नव्हता म्हणून मिळाला. तिने डोकं टेबलावर टेकवलं. मी माझ्या पडद्याकडे बघितलं. माझ्याकडे दोन्हींपैकी काहीच नव्हतं.

"तुझंही घालवलं मी," टेबलावरूनच ती म्हणाली.

"मला वेळ आहे गं. नूडल्स मागवू का? इथल्या बऱ्या असतात म्हणे."

जागा कुणी उचलली ते दुसऱ्या दिवशी कळलं. दोग्यू. बिचारा आठवडाभर दर थोड्या वेळाने पान उघडून बघत होता. बुधवारी सकाळी तो भाजीच्या घाऊक बाजारात पेट्या उतरवायला जायचा, त्यालाही गुरुवारच हवा होता. सगळं कळल्यावर तो आमच्या गल्लीत आला आणि दारात उभा राहून केस ओढायला लागला.

"ताई, मला काय माहीत! मी सोडतो परत. आत्ता सोडतो."

"आणि तिसराच कुणी उचलेल," हारिमताई म्हणाली. "ठेव तू. निदान ओळखीच्या माणसाकडे आहे." मग त्याला द्राक्षांची पिशवी दिली, कारण तो जायलाच तयार नव्हता.

पहिल्या बुधवारी काकू एकट्याच घरी आल्या. फोनवर म्हणाल्या, काही झालं नाही, छान बसायला मिळालं बसमध्ये. शुक्रवारी हारिमताई त्यांना घ्यायला गेली तेव्हा त्या उकाड्यात लांब पायजमा घालून बसल्या होत्या. तिने तो वर केला. गुडघा काळानिळा झाला होता. बसथांब्यावर पडल्या होत्या, द्राक्षं विकणाऱ्या बाईने उचलून बाकावर बसवलं होतं.

रात्री परत येऊन तिने मला एवढंच सांगितलं आणि कपड्यांच्या घड्या घालत बसली. घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालत होती.

"बुधवारची सकाळ माझी मोकळी आहे," मी म्हणाले.

"नाही."

"माझ्या चौकोनात तिथे आता भोक आहे. मी जाते."

"सोदाम, नाही म्हटलं ना."

"मग तू सांग, कोण जाईल?"

पुढच्या बुधवारी मी सकाळची गाडी पकडली.

दवाखाना बाजाराच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर. मोठ्या खोलीत खाटांच्या रांगा, प्रत्येक खाटेपाशी यंत्र. काकू मला बघून उठायलाच लागल्या. "अगं बाई, परक्याची पोर! किती लाज आणलीस मला." पण माझा दंड त्यांनी घट्ट धरला होता. घरी गेल्यावर भोपळ्याचे घावन करून खायला घातले, स्वतः एकही खाल्ला नाही आणि मी खात असताना मला बघत राहिल्या.

काकूंची खाट खिडकीशेजारची. त्या उठल्या की परिचारिका चादर बदलायची आणि त्याच खाटेवर दुपारच्या पाळीचे मेंग आजोबा यायचे. उंच, वाकलेले, डोक्यावर ताडपत्रीसारखी जाड टोपी. त्यांची बायको मागे रजईच्या कापडाची पिशवी घेऊन. दोघं लवकर येऊन दाराशी बसायचे.

"हारिमची आई," ते दर वेळी विचारायचे, "आज जागा नीट तापवून ठेवलीत ना?"

"तापवली, आजोबा. तुम्ही उठताना गार करू नका म्हणजे झालं."

"माझ्यामागे कोण येतंय? मी शेवटचा."

आजी त्यांच्या पाठीत हलकी थाप मारायच्या. "तोंडाला काही धरबंध आहे का या माणसाला?" मग मला पिशवीतून उकडलेलं रताळं काढून द्यायच्या. "तू खा, पोरी. इथे बाकी कुणाला चालत नाही."

असे बरेच बुधवार गेले. हारिमताई प्रात्यक्षिकात होती, फोन बाहेर कपाटात ठेवावा लागायचा. दुपारी बाहेर पडली की तिचा पहिला फोन मला. "पोचलात? पाय कसा आहे? काही म्हणाली का?" मला ते सोपं झालं होतं, गाडीत झोप व्हायची. काकूंना मात्र सोपं होत नव्हतं. प्रत्येक वेळी निघताना म्हणायच्या, पुढच्या आठवड्यात येऊ नकोस हं, मी बघेन. आणि प्रत्येक वेळी मी आत शिरले की त्यांचा चेहरा सैल पडायचा.

छुसॉकची, सुगीच्या सणाची सुट्टी संपली, हवा गार झाली. एका बुधवारी दाराशी आजी-आजोबा दिसले नाहीत. मला वाटलं, बस चुकली असेल. काकू खाटेवर उठून बसल्या होत्या, एक बूट घातलेला, एक हातात. जिन सिस्टर त्यांच्यासमोर खाली उकिडव्या बसून हळू बोलत होत्या.

"दुपारची जागा झाली आहे. हीच खाट. शुक्रवारपासून. पण मला आजच सांगावं लागेल, यादीत मागे आणखी दोघं आहेत."



"मेंग आजोबा?" मी विचारलं.

सिस्टरनी मान हलवली. "सोमवारी रात्री. घरीच. झोपेत."

काकूंनी हातातला बूट उलटा करून आत काही खडा आहे का ते बघितलं. त्यात काही नव्हतं.

"हारिमला विचारते," त्या म्हणाल्या. मी फोन लावला. वाजत राहिला. ती त्या वेळी शेगडीपाशी असणार आणि फोन कपाटात. दुसऱ्यांदा लावला.

"तू काय म्हणतेस?" काकूंनी मला विचारलं.

मी काय म्हणणार होते? हो म्हटलं असतं तर ते माझ्या गाडीच्या फेऱ्या वाचाव्यात म्हणून म्हटल्यासारखं झालं असतं. नाही म्हटलं असतं तर ते खोटं होतं. मी खिडकीकडे बघत राहिले.

काकूंनी भिंतीकडे तोंड केलं. "घेते," त्या म्हणाल्या. "लिहा माझं नाव. पोरी निदान आपापल्या कॉलेजात राहतील." मग बूट घालायला लागल्या. नाडी त्यांना दिसत नव्हती, मी वाकून बांधली. घरी घावन केले नाहीत, तसं आजवर कधी झालं नव्हतं. मला दारातूनच म्हणाल्या, "जा बाळ, गाडी चुकेल."

रात्री हारिमताईला सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "मीच मागितली होती ना जागा."

"तू वेळ मागितली होतीस, ताई."

"तेच ते," ती म्हणाली.

पुढच्या बुधवारी माझं काही काम नव्हतं, तरी मी गेले. पहिलाच दुपारचा बुधवार होता, काकूंना सोबत असावी म्हणून. त्यांना यंत्राला लावून झालं, मी शेजारच्या स्टुलावर बसले. तेवढ्यात दारातून मेंग आजोबांची बायको आत आली. हातात रजईच्या कापडाची पिशवी. सरळ खाटेपर्यंत चालत आली आणि थांबली.



"बुधवार ना," आजी म्हणाल्या. "बाजाराला म्हणून घरून निघाले तेव्हा ते नाहीत हे लक्षात होतं. बसमध्ये बसले आणि विसरले. उतरल्यावर आठवलं, पण परतीची बस लगेच नसते."

काकूंच्या हातात सुया होत्या, त्यांना उठता येईना. मोकळा हात त्यांनी पुढे केला. "आजी, बसा. इथे बसा." मी स्टूल सोडलं. आजी बसल्या, पिशवी मांडीवर. जिन सिस्टरनी लांबून बघितलं आणि दुसरीकडे वळल्या.

काकू म्हणाल्या, "मला दुसरी जागा नव्हती हो."

"असं काय बोलता?" आजी म्हणाल्या. "कुणीतरी येणारच होतं. ओळखीचं आलं, बरं झालं." त्यांनी खाटेच्या कडेची चादर सवयीने नीट केली. "पाय गार पडतात का हो दुपारी? त्यांचे पडायचे."

हारिमताई धावत आली ती स्टेशनवरून. केसांना कांद्याचा वास, कपाळावर घाम. स्टुलावर आजींना बघून ती दारातच थांबली. मग जवळ येऊन तिने खाली वाकून नमस्कार केला, आणि वाकलेलीच राहिली.

"जेवलीस का गं?" आजींनीच विचारलं.

"नाही अजून."

आजींनी पिशवी उघडून रताळं दिलं. शंभर माणसांचा स्वयंपाक करून आलेली ती मुलगी उभ्या-उभ्या ते सालासकट खायला लागली.

आजी पुन्हा आल्या नाहीत. दोन-तीन आठवडे वाट बघून हारिमताईने जिन सिस्टरना त्यांचा पत्ता विचारला. एकदा जाऊन यावं, काहीतरी करून न्यावं, असं तिच्या मनात होतं. सिस्टर म्हणाल्या, रुग्णाचा पत्ता सांगता येत नाही. मग म्हणाल्या, आता ते रुग्णही नाहीत.

हारिमताई फेब्रुवारीत पदवीधर झाली. प्रात्यक्षिकात तिला चांगले गुण मिळाले. काकूंची पाळी दुपारचीच राहिली, खाट तीच. दाराशी पावलं वाजली की त्या मान वळवतात. नजर अधू, त्यामुळे माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्यांना कळत नाही कोण आहे.